परसातील कोंबडी हातात घेऊन पाहताना

परसात आठ-दहा कोंबड्या बाळगणाऱ्या घरात कोंबडीचे दुखणे सहसा उशिरा लक्षात येते, आणि त्यात सगळा दोष पाळणाऱ्याचा नसतो. कळपातल्या दुबळ्या पक्ष्याला बाकीचे टोचून बाजूला सारतात, त्यामुळे कोंबडी आपले दुखणे जमेल तितके दिवस लपवते. दाणा टाकला की आजारी कोंबडीही इतरांबरोबर धावत येते आणि चोच मारल्यासारखे करते, पण दाणा उचलत नाही. पंख पाडून ती भिंतीच्या कडेला बसलेली दिसते, तेव्हा दुखणे बहुधा चार-पाच दिवसांचे जुने झालेले असते. म्हणून औषधांच्या नावांआधी एक सवय सांगतो: आठवड्यातून एकदा, दिवेलागणीनंतर कोंबड्या खुराड्यात बसल्या की, प्रत्येक कोंबडी हातात घेऊन पाहावी. आमच्याकडे हे काम आठवडी बाजाराच्या दिवशी रात्री होते, म्हणजे विसर पडत नाही.

अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे ती पळत नाही आणि पकडताना बिथरतही नाही. दोन्ही पंख अंगाशी दाबून तिला उचलावे, तिचे डोके आपल्या कोपराकडे आणि शेपूट पुढे राहील अशी काखेत धरावी आणि त्याच हाताच्या बोटांत तिचे दोन्ही पाय पकडावेत. पाय धरून उलटी लोंबकळत ठेवण्याची बाजारातली पद्धत तपासणीच्या वेळी वापरू नये, कारण त्या स्थितीत तिला श्वास घेणे जड जाते आणि अन्नपिशवी भरलेली असेल तर त्यातले पाणी श्वासनलिकेत उतरू शकते. सोबतच्या माणसाने बॅटरी धरावी, आपण एका हाताने पिसे उलटी फुंकून कातडी पाहावी. एका कोंबडीला दोन मिनिटे पुरतात.

छातीचे हाड हाताला लागते का, हे सगळ्यांत आधी पाहावे. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असावे. हाड सुरीच्या पात्यासारखे लागत असेल तर पिसांच्या फुगवट्याखाली कोंबडी आतून वाळत चालली आहे असे समजावे. परसातल्या कोंबडीत त्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे जंत. उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीला जंत होणारच, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी, विशेषतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पशुवैद्यकाकडून जंतनाशक घेऊन सगळ्या कोंबड्यांना एकाच दिवशी द्यावे. एकीला देऊन बाकीच्यांना सोडले, तर त्या औषधाचा उपयोग आठ दिवसही टिकत नाही.

उवा अंगावर, गोचीड घरात

कोंबडीच्या अंगावर किडे दिसले की सरसकट ‘उवा झाल्या’ असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि बहुतेक उपचार फसतात ते याच एका घोटाळ्यामुळे. उवा पिवळसर, चपट्या आणि चपळ असतात. गुदद्वाराभोवतीची पिसे उलटी केली की त्या उजेडापासून पळताना दिसतात आणि पिसांच्या बुंध्याशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे, कडक झुबके चिकटलेले असतात. ऊ आपले सगळे आयुष्य कोंबडीच्या अंगावर काढते आणि अंगावरून खाली पडली तर काही दिवसांतच मरते. त्यामुळे उवांचा उपचार कोंबडीवर करावा लागतो.

गोचिडाचे तसे नसते. त्याची बारीक पिल्ले पंखाखाली काळपट-लाल दाण्यांसारखी काही दिवस चिकटून राहतात, पण मोठा गोचीड दिवसभर भिंतीच्या भेगांत, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खाचेत, माळवदाच्या तुळईत दडून बसतो, रात्री येऊन रक्त पितो आणि उजाडण्याच्या आत परत जातो. दिवसा कोंबडी तपासणाऱ्याला अंगावर काहीच सापडत नाही. दिसतो तो फक्त पांढरा पडत चाललेला तुरा आणि संध्याकाळी खुराड्यात जायला नाकारणारी कोंबडी. खाणे न मिळताही हा किडा कित्येक महिने जगतो, म्हणून दोन-तीन महिने रिकामे ठेवलेले खुराडेही निर्धोक मानू नये. शिवाय तो एका कोंबडीचा रक्तातला आजार दुसरीला देतो, तो वेगळाच. मराठवाड्यातल्या जुन्या दगडमातीच्या घरांत, जिथे कोंबड्या वसरीच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली बसतात, तिथे गोचीड उवांपेक्षा जास्त त्रास देतात असा माझा अनुभव आहे.

खात्री करायची असेल तर कोंबड्या बसल्यानंतर दोन-तीन तासांनी बॅटरी घेऊन खुराड्यात जावे, दांडीच्या खालच्या अंगाला आणि कोंबडीच्या पायांवर उजेड टाकावा आणि दांडीच्या टोकांवरून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर लाल डाग उमटले तर रक्त पिणारे किडे घरात आहेत. मग खुराडे रिकामे करून भेगा मातीशेणाने किंवा सिमेंटने बुजवाव्यात, दांड्या काढून उन्हात टाकाव्यात, लोखंडी भाग ज्योतीने शेकावेत आणि सगळीकडे चुन्याचा दाट हात द्यावा. कीटकनाशक फवारायचे असेल तर ते पशुवैद्यकाने सांगितलेले आणि सांगितलेल्या प्रमाणातच असावे, ते भिंतींवर फवारावे आणि पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत घेऊ नयेत. कपाशीवर मारून उरलेले औषध कोंबडीच्या अंगाला चोळण्याचा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. त्या घरातल्या सात कोंबड्यांपैकी चार संध्याकाळपर्यंत मेल्या, आणि उरलेल्या तिघींच्या अंगावर पुढच्या महिन्यात पुन्हा उवा होत्या.

उवांसाठी कोंबडीचा स्वतःचा उपाय म्हणजे धूळस्नान, आणि ते तिला करू देणे एवढेच आपले काम आहे. दोन फूट लांब-रुंद आणि वीतभर खोल खड्डा किंवा जुने घमेले घ्यावे, त्यात चाळलेली कोरडी माती आणि चुलीची लाकडाची राख मिसळून भरावी आणि वर पत्रा घालावा, कारण राख भिजली की ती कातडीला झोंबते. प्लास्टिक किंवा रंगवलेले लाकूड जाळलेली राख चालत नाही. उवा फार झाल्या असतील तर पशुवैद्यकाने दिलेली भुकटी गुदद्वाराभोवती, पंखांखाली आणि मानेच्या मागे पिसांच्या मुळाशी चोळावी आणि ८ ते १० दिवसांनी हेच पुन्हा करावे. पहिल्या वेळी उवा मरतात, अंडी मरत नाहीत. दुसरी पाळी त्या अंड्यांतून निघालेल्यांसाठी असते आणि नेमकी तीच पाळी बहुतेक घरांत चुकते.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावण्याची जुनी चाल आहे. त्या बियांत कीटक मारण्याचा गुण खरोखर आहे, पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते, माणसाच्याही आणि कोंबडीच्याही. धुळीत लोळून अंग झाडणाऱ्या पक्ष्यावर ती टाकणे मला तरी पटत नाही. कडुलिंबाचा पाला अंडी घालण्याच्या पाटीत अंथरावा, त्यात धोका काही नाही, पण तेवढ्यावर विसंबूनही राहू नये.

पाय

निरोगी पायाचे खवले कौलांसारखे एकावर एक चापून बसलेले असतात. ते उचकटलेले, खडबडीत आणि खाली पांढरा चुरा साठलेला दिसला तर ती पायाची खरूज आहे, आणि ती खवल्यांखाली घर करणाऱ्या अगदी बारीक किड्यामुळे होते. यावर घासलेट किंवा ट्रॅक्टरचे जळके ऑइल लावण्याचा सल्ला गावोगाव मिळतो. किडा त्याने मरतोही, पण कातडी भाजते आणि कोंबडी लंगडी होते. पाय कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून जुन्या टूथब्रशने वरून खाली हलके घासावेत, कोरडे करावेत आणि पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल असे जाड लावावे की खवल्यांच्या फटी बुजतील. किडा हवेअभावी गुदमरतो, हेच या उपायाचे मर्म आहे. म्हणून पहिला आठवडा रोज आणि पुढे तीन-चार आठवडे एक दिवसाआड लेप द्यावा. सुटत आलेला खवला बोटाने उपटू नये, खालून रक्त येते. पाय पूर्ववत गुळगुळीत दिसायला काही महिने लागतात, तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असा निष्कर्ष काढू नये. पाय फारच विद्रूप झाले असतील तर पशुवैद्यक यासाठी वेगळे औषध देऊ शकतात.

तळपायाला मधोमध काळी खपली आणि भोवती सूज असेल तर तो गळू आहे. आपल्याकडे त्याचे पहिले कारण वेड्या बाभळीचा काटा आणि दुसरे कारण फरशीवर उंचावरून मारलेली उडी. सुरुवातीचा गळू मिठाच्या कोमट पाण्यात रोज पंधरा मिनिटे शेकून, खपली मऊ पडली की काटा दिसतो का ते पाहून, पोव्हिडोन आयोडीन लावून आणि स्वच्छ चिंधीची पट्टी बांधून आठवडाभरात बसतो. कोंबडीचा पू पातळ नसतो, तो घट्ट, पनीरच्या खड्यासारखा असतो, त्यामुळे दाबून तो बाहेर येत नाही आणि दाबल्याने सूज आत सरकते. गळू मोठा असेल तर कापण्याचे काम पशुवैद्यकावर सोडावे. दांडी जमिनीपासून दोन फुटांपेक्षा उंच नसावी आणि खाली तूस किंवा भुसा असावा.

याच वेळी बोटांच्या मधे दोरा अडकला आहे का ते पाहावे. पोत्याची सुतळी, शिवणाचा धागा, पतंगाचा मांजा, बायकांच्या फणीतले केस, यांतले काहीही बोटाभोवती गुंडाळले जाते, दर पावलागणिक आवळत जाते आणि पंधरा दिवसांत बोट काळे पडून गळते. लंगडणाऱ्या पिल्लाला हळद लावण्याआधी हा दोरा शोधावा. तो बारीक कात्रीने कापून काढल्यावर बहुतेक वेळा आणखी काही करावे लागत नाही.

सतत बांधून ठेवलेल्या किंवा फरशीवरच वावरणाऱ्या कोंबडीची नखे वाढून वळतात. बॅटरीच्या उजेडात नखाच्या आतली लालसर शीर दिसते. तिच्या अलीकडचे फक्त टोक कापावे आणि चुकून रक्त आलेच तर हळद दाबून धरावी. वरची चोच खालचीपेक्षा किंचित लांब असणे स्वाभाविक आहे. ती फार वाढून दाणा निसटत असेल तरच कानशीने टोक घासावे.

पिसे गेली म्हणजे आजार असे नाही

पिसे गळालेली कोंबडी घेऊन दवाखान्यात जाण्याआधी ती पिसे कुठली आणि केव्हा गळाली याचा विचार करावा. दिवाळीच्या सुमारास दिवस लहान होऊ लागले की वर्षावरची कोंबडी मानेपासून सुरुवात करून जुनी पिसे टाकते, अंडी बंद करते आणि दोन-तीन महिन्यांत नवी पिसे धरते. या काळात औषधाची गरज नसते, गरज असते ती प्रथिनांची. तुरीची किंवा हरभऱ्याची चुनी, शेंगदाण्याची पेंड आणि मिळाल्यास थोडी सुकट द्यावी. बुरशी लागलेली पेंड मात्र देऊ नये, कारण त्या बुरशीचे विष कोंबडीच्या यकृताला लागते. पाठीची आणि डोक्यामागची पिसे उडाली असतील तर कारण बहुधा कोंबडा असतो. आठ-दहा कोंबड्यांत एकच कोंबडा ठेवला की पाठी भरून येतात. पोटाची पिसे स्वतः उपटून पाटीत बसलेली, जवळ गेले की फुगून गुरगुरणारी कोंबडी खुडूक झालेली असते. तिच्याखाली अंडी बसवायची नसतील तर तिला तीन-चार दिवस खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवावे, खुडूकपणा जातो. नाकात पीस ओवणे किंवा गार पाण्यात बुचकळणे हे उपाय क्रूर आहेत आणि त्यांची गरजही नाही. आणि मानेवर मुळातच पिसे नसलेली गावरान कोंबडी ही वेगळ्या वाणाची असते. एका शेजाऱ्यांनी तशा कोंबडीच्या मानेला दोन महिने खोबरेल चोळले होते.

कोंबड्या एकमेकींना टोचून पिसे काढत असतील तर दाटी, ऊन, मिठाची किंवा प्रथिनांची कमतरता यांपैकी काहीतरी असते. रक्त दिसले की सगळ्या कोंबड्या त्या लाल जागेवर तुटून पडतात, म्हणून जखमी कोंबडी ताबडतोब वेगळी करावी, जखम मिठाच्या पाण्याने धुवावी आणि तिच्यावर जांभळे जेंशन व्हायोलेट लावावे, त्यामुळे लाल रंग झाकला जातो. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसून दुसऱ्याच दिवशी अळ्या पडतात. त्या चिमट्याने एकेक काढाव्यात आणि खोल गेल्या असतील तर पशुवैद्यकाला दाखवावे.

कुंपणावरून उडून शेजारच्या भाजीत जाणाऱ्या कोंबडीचे पंख कातरता येतात. एकाच बाजूचा पंख पसरावा, टोकाकडची दहा लांब पिसे, वरच्या आखूड पिसांच्या जरा पुढे, कात्रीने कापावीत. एका बाजूने हलकी झाल्यावर तिला तोल साधत नाही. ज्या पिसाची दांडी अजून निळसर-लाल आहे ते वाढते पीस असते, त्यात रक्त असते, ते कापू नये. ज्या वस्तीत कुत्री मोकाट आहेत तिथे मी हे करत नाही. उडता येणे हाच तिथे कोंबडीचा बचाव आहे.

अन्नपिशवी आणि अंडे

मानेच्या बुडाशी, छातीच्या वर असलेली अन्नपिशवी रात्री भरलेली आणि पहाटे रिकामी असावी. पहाटे दाणा टाकण्यापूर्वी ती टणक गोळ्यासारखी लागली तर आत वाळका कडबा, लांब गवत किंवा प्लास्टिक अडकले आहे. दाणा बंद करून फक्त पाणी ठेवावे, ड्रॉपरने थोडे थोडे करून चमचाभर गोडे तेल चोचीच्या कडेने सोडावे आणि दिवसातून तीन-चार वेळा गोळा बोटांनी हलके चोळून सैल करावा. तेल किंवा कोणतेही पातळ औषध जिभेमागे थेट ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुंध्याशीच उघडते. पिशवी फुग्यासारखी मऊ असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आतले अन्न आंबले आहे. अशा कोंबडीला उलटी धरून ओकायला लावणे घातक ठरते. एक दिवस उपाशी ठेवून नंतर थोडा दहीभात द्यावा आणि दोन दिवसांत फरक न पडल्यास दवाखाना गाठावा.

अंडे अडकलेली कोंबडी शेपूट खाली टाकून उभी राहते, पुन्हापुन्हा पाटीत जाते, कुंथते आणि रिकामी परत येते. तलंगेच्या, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीच्या, पहिल्या अंड्याला किंवा फार लठ्ठ कोंबडीला हे जास्त होते. कोपराला सोसवेल इतक्या कोमट पाण्याच्या भगुल्यात तिला पोटापर्यंत वीस मिनिटे बसवावे, गुदद्वाराला गोडे तेल लावावे, कोरडी करून अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे आणि पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत कॅल्शियमचे पातळ औषध द्यावे. पोट दाबून अंडे आत फोडू नये. कवचाच्या कडांनी आतली नळी फाटते. चोवीस तासांत अंडे आले नाही तर घरगुती उपाय थांबवावेत.

अंड्याच्या कवचाचा बहुतेक भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो आणि अंड्यावरच्या कोंबडीला रोज साडेतीन-चार ग्रॅम कॅल्शियम लागते, जे नुसत्या ज्वारीच्या कण्यांतून कधीच मिळत नाही. शिंपल्याचा चुरा किंवा भाजून बारीक केलेली अंड्याची टरफले वेगळ्या वाटीत ठेवावीत, कोंबडी गरजेपुरती खाते. एवढे करूनही पातळ कवचाची अंडी येत असतील तर पेरणीतून उरलेले, औषध लावलेले लाल-गुलाबी बियाणे तिच्या चोचीला लागते आहे का ते पाहावे, कारण बियाण्याला लावतात ते थायरम कवच बिघडवते आणि पिल्लांचे पाय वाकडे करते. सरकीची ढेप जास्त खाल्ली तर अंड्याचा बलक हिरवट पडतो. लातूर-धाराशिवकडे घरोघरी सोयाबीन असते. ते कच्चे पचत नाही, भाजूनच घालावे.

उन्हाळा

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या वर असते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा त्याच्याही पुढे जातो, तेव्हा उष्णता बाहेर टाकायला तिच्याजवळ धापेशिवाय फारसे काही उरत नाही. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून ती धापा टाकते तोवर वेळ असतो. मान टाकून पडली की वेळ थोडाच राहतो. पडलेल्या कोंबडीचे पाय आणि तुरा माठातल्या पाण्याने ओले करावेत, तिला सावलीत वाऱ्याला ठेवावे आणि शुद्धीवर असेल तरच मीठ-गुळाचे पाणी थेंब थेंब पाजावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

पत्र्याच्या खुराड्यावर उन्हाळाभर पाचट किंवा कडबा टाकून वर चुन्याचे पाणी द्यावे, दुपारी बाजूला ओले पोते टांगावे, पण हवा कोंडेल असे चारी बाजूंनी नको. दाणा पहाटे आणि सूर्यास्तानंतर टाकावा, कारण पचनानेही अंगात उष्णता वाढते. एरवी पावशेर पाणी पिणारी कोंबडी उन्हाळ्यात दुप्पट पिते. ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते तिथेही पाण्याचे मातीचे परळ रोज घासून धुण्यात काटकसर करू नये, कारण विष्ठा पडलेल्या पाण्यातून जितके आजार पसरतात तितके दुसऱ्या कशातून क्वचितच पसरत असतील.

घरी करू नये ते

वर सांगितलेली बहुतेक दुखणी हाताला किंवा डोळ्यांना कळतात आणि एकेका कोंबडीपुरती असतात. एकाच आठवड्यात दोन-तीन कोंबड्या मान टाकत असतील तर तेल-हळदीचा विचार सोडावा. हिरवी पातळ विष्ठा, घरघर, वाकडी होणारी मान आणि लुळे पडणारे पाय म्हणजे मानमोडी, जिला राणीखेत म्हणतात. तिच्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लाच्या वयाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतच्याच लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या पिल्लांच्या रोगावरची लस, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची टोचण्याची लस, असा साधारण क्रम असतो. आपल्या भागासाठी नेमका क्रम पशुवैद्यकीय दवाखान्यात ठरवून घ्यावा. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते आणि एकदा मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवून, बर्फात कुपी आणून, सकाळच्या गारव्यात सगळ्यांचे काम उरकणे हाच त्यावरचा मार्ग आहे. आधीच आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला लस देऊ नये.

देवीचे फोड तुऱ्यावर, पापण्यांवर येतात आणि डासांमुळे पसरतात. खपल्या ओढू नयेत, त्यांवर पोव्हिडोन आयोडीन लावावे, डोळे मिठाच्या कोमट पाण्याने उघडून द्यावेत आणि कोंबडीला दिसत नसेल तर हाताने भरवावे. तीन-चार आठवड्यांत बहुतेक बऱ्या होतात. गळालेली खपली मात्र उचलून जाळावी, तिच्यात रोग महिनोन्महिने जिवंत राहतो. पावसाळ्यात तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण असते आणि तीत एक दिवसही दवडू नये. पशुवैद्यक बहुधा पाण्यातून अँप्रोलियम देतात. ते चालू असताना बी जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नये, कारण त्यातले बी-१ या औषधाचा परिणाम मारते. खाली अंथरलेल्या भुशाची ओली गादी त्याच दिवशी बदलावी. तोंड सुजून नाकातून दुर्गंधी स्राव येत असेल तर ती साधी सर्दी नव्हे. अशा वेळी घरातल्या माणसांच्या उरलेल्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची सवय वाईट आहे: मात्रा चुकते, औषध पुढच्या वेळी लागू पडत नाही आणि ते अंड्यातून आपल्याच ताटात येते. कोणतेही औषध दिल्यावर किती दिवस अंडी खाऊ नयेत हे पशुवैद्यकालाच विचारून घ्यावे.

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या अचानक मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात मेलेल्या कावळ्यांत तोच रोग सापडला. एका रात्रीत अनेक कोंबड्या मेल्या, तुरे जांभळे पडले किंवा आसपास कावळे-बगळे मरून पडलेले दिसले तर मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, कापू नये, नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये आणि उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेऊ नयेत. दवाखान्याला किंवा पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर कळवावे आणि ते सांगतील तसेच करावे.

बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन ते तीन आठवडे वेगळी ठेवावी, तिचे भांडे वेगळे असावे आणि दाणापाणी जुन्या कोंबड्यांचे आधी, तिचे नंतर करावे. एवढे दिवस तिला पाहुणीसारखे सांभाळणे जिवावर येते खरे, पण आमच्या खुराड्यात गोचीड आले ते अशाच एका सुरेख तांबड्या कोंबडीबरोबर, जिला मी त्याच रात्री इतरांत सोडले होते.

उपचारासाठी वेगळी काढलेली कोंबडी बरी झाल्यावर कळपात परत सोडतानाही घाई चालत नाही. पाच-सहा दिवसांच्या गैरहजेरीत तिची जागा दुसरीने घेतलेली असते आणि भर दिवसा सोडली तर तिला घेरून टोचतात. आधी दोन दिवस तिला जाळीच्या पिंजऱ्यात किंवा डालग्याखाली अंगणातच, बाकीच्यांना दिसेल अशी ठेवावी. मग रात्री सगळ्या बसल्यावर तिला गुपचूप दांडीवर, शक्यतो तिच्या जुन्या शेजारणीजवळ बसवावे. पहाटे खुराडे उघडताना आपण तिथे हजर असावे, दाणा एका ढिगात न टाकता तीन-चार ठिकाणी पसरून टाकावा आणि तिला चोच लावायला जागा मिळते का ते पाहावे. किरकोळ टोचाटोची होते, ती होऊ द्यावी. रक्त निघाले तर पुन्हा डालग्याखाली, आणि दोन दिवसांनी परत रात्रीच.